कुंडीतील आमरीस खत : निवड व घरगुती तयारी

मुळशी तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यास भिडलेला आहे. ताम्हिणीच्या बाजूस वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पौड, पिरंगुट ओलांडून पूर्वेकडे येता येता तो झपाट्याने कमी होत जातो. ह्या भागाचे मुख्य पीक भात. तथापि पुणे शहर जवळ असल्यामुळे फुलशेतीकडेही शेतकऱ्यांचे लक्ष वळले असून, गुलाब व जरबेरा ह्यांच्या जोडीला ऑर्किड, म्हणजेच आमरी, लावण्याची हौस वाढत आहे. कोणी पडवीत पाच-पन्नास कुंड्या टांगतो, तर कोणी शेडनेटखाली डेन्ड्रोबियमची रोपे लावून फुलांच्या दांड्या गुलटेकडीच्या बाजारात पाठवू पाहतो. अशा ठिकाणी रोपे दगावली म्हणजे पहिला संशय रोगावर जातो. वास्तविक पाहता पुष्कळ रोपे रोगाने मरत नाहीत व उपासमारीनेही मरत नाहीत. ती खताने मरतात. आमरीचे रोप महाग असते, वाढीस मंद असते, आणि त्याची मुळे एकदा जळाली म्हणजे नवी मुळे फुटून फूल येईपर्यंत एखादे वर्ष सहज निघून जाते. ह्यासाठी खत कोणते घ्यावे ह्याच्या आधी ते किती पातळ असावे हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आमरी आपले अन्न कोठून मिळविते?

झाडावर वाढणाऱ्या आमरीस पुष्कळ ठिकाणी बांडगूळ समजतात. हा समज चुकीचा आहे. बांडगूळ आपली मुळे आश्रयाच्या झाडात शिरवून त्याचा रस ओढून घेते. आमरी फांदीवर केवळ बसलेली असते; ती झाडाचे काही घेत नाही. मुळशीच्या रानात आंबा, जांभूळ, ऐन ह्यांच्या फांद्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी ‘सीतेची वेणी’ फुलते, ती अशीच. सालीच्या भेगांत साठलेला पालापाचोळा, पाखरांची विष्ठा, वाऱ्याने आलेली धूळ, आणि पानांवरून व सालीवरून ओघळणारे पावसाचे पाणी, एवढीच तिची शिदोरी.

ही शिदोरी गोळा करण्याचे साधन म्हणजे तिची मुळे. ह्या मुळांवर पांढऱ्या, स्पंजासारख्या मृत पेशींचे जाड आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी दिसते आणि पाणी लागताच काही क्षणांत ते शोषून हिरवट होते. पावसाच्या सरीचे पहिले पाणी सालीवरील क्षार धुऊन आणते, म्हणून तेच त्यातल्या त्यात कसदार असते. हे पहिले पाणी पकडून धरणे हेच त्या आवरणाचे काम होय. ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, आमरीची मुळे अत्यंत पातळ द्रावणावर जगण्यास घडलेली आहेत. दुसरी, समोर येईल ते पाणी ती तत्काळ पिऊन टाकतात. पातळ द्रावण असेल तर हा गुण उपकारक. तीव्र द्रावण असेल तर तोच घातक. मातीतील पिकाला मातीचा आधार असतो. जास्त झालेले खत मातीचे कण काही काळ धरून ठेवतात. आमरीच्या कुंडीत माती नसते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा व विटांचे खडे एवढेच तेथे असते आणि मूळ व खत ह्यांच्या मध्ये कोणी नसते.

भाताचे माप आमरीस लावू नये

चारसूत्री भातशेतीत चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी दाबतात, हे मुळशीच्या शेतकऱ्यांस परिचित आहे. ती गोळी सुमारे २.७ ग्रॅम वजनाची असून तीत साधारणपणे १ ग्रॅमच्या आतबाहेर नत्र असते. आता आमरीच्या कुंडीचा हिशेब पाहावा. एक लिटर पाण्यात ९० मिलिग्रॅम नत्र असेल असे द्रावण आमरीस पुरेसे होते. मध्यम कुंडीस एका वेळी २०० मिलिलिटर द्रावण दिले, तर त्यातून १८ मिलिग्रॅम नत्र जाते व त्यातलाही बराच भाग तळातून निथळून जातो. म्हणजे भाताची एक गोळी ही आमरीच्या सुमारे पन्नास वेळच्या खताइतकी झाली! भातास जी चिमूट वाटते ती आमरीस वर्षाची बेगमी असते. ती एकाच दिवशी मुळांवर पडली तर काय होईल हे निराळे सांगावयास नको.

युरियाविषयी आणखी एक अडचण आहे. मातीतील जिवाणू युरियाचे रूपांतर प्रथम अमोनियात व नंतर नायट्रेटमध्ये करतात आणि मग पीक ते सहजपणे घेते. सोडण-कोळशाच्या कुंडीत हे काम मंद व अनिश्चित असते. पुढच्या पाण्याबरोबर युरिया वाहून जातो आणि रोप उपाशी राहते. म्हणून आमरीसाठी खत निवडताना नत्राचा केवळ आकडा न पाहता ते नत्र कोणत्या रूपात आहे हे पाहावे. नायट्रेटच्या रूपातील नत्र ह्या कामास सर्वांत सोयीचे.

घरगुती खते : कोणते चालते, कोणते नाही

शेतकऱ्याच्या घरी गोठा असतो, तेव्हा विकतचे खत कशास हवे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की घरगुती खत अवश्य वापरावे. मात्र ते जुने, वस्त्रगाळ व पाण्यासारखे पातळ असावे. ह्या तिन्हींपैकी एकही अट सुटता कामा नये.

सर्वांत निर्धोक म्हणजे शेणाचे मुरलेले पाणी. १ किलो जुने शेण किंवा तेवढ्याच ताज्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या १० लिटर पाण्यात भिजत घालाव्यात. भांडे सावलीत ठेवून त्यावर फडके घट्ट बांधावे, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. रोज एकदा काठीने ढवळून १० ते १५ दिवसांनी ते दुहेरी फडक्यातून गाळून घ्यावे. ह्या निवळीच्या एका भागात दहा भाग साधे पाणी मिसळावे. रंग फिक्या चहासारखा दिसला पाहिजे. शेणात शेकडा ०.४ च्या सुमारास नत्र असते. ते सर्वच्या सर्व पाण्यात उतरले असे धरले, तरी शेवटच्या द्रावणात लिटरला ४० मिलिग्रॅमहून अधिक नत्र येत नाही. म्हणून ते आठवड्यातून एकदा दिले तरी मुळांस इजा होण्याचे भय नाही. मात्र गाळण्यात आळस करू नये. शेणाचा गाळ सोडणाच्या तुकड्यांत बसला की हवा कोंडते, सोडण लवकर कुजते आणि गोगलगायी व बारीक माश्या जमतात.

भुईमुगाची पेंड शेणापेक्षा पुष्कळ कसदार आहे. तीत शेकडा ७ नत्र असून स्फुरद व पालाशही थोडेफार असतात. १०० ग्रॅम पेंड १० लिटर पाण्यात पंधरा दिवस कुजवावी. तिला दुर्गंधी येते, तेव्हा भांडे घरापासून दूर ठेवणे बरे. वर आलेला तेलकट थर काढून टाकून, वस्त्रगाळ केलेल्या १ लिटर अर्कात ९ लिटर पाणी मिसळावे. हिशेबाने ह्या द्रावणात नत्राची कमाल मर्यादा लिटरला ७० मिलिग्रॅम येते. वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा एवढे पुरते. कोरडी पेंड कुंडीत वरून टाकण्याची चाल काही ठिकाणी दिसते. ती सर्वथैव टाळावी. मुंग्या, बुरशी व उंदीर ह्या तिघांनाही ते आमंत्रण ठरते.

गोमूत्राविषयी लोकांत मोठा विश्वास आहे, व शेतातील मातीसाठी तो अनाठायी नाही. पण त्यात शेकडा १ च्या सुमारास नत्र असते, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. एकास दहा हे नेहमीचे प्रमाण धरले तरी द्रावणात लिटरला सुमारे ९०० मिलिग्रॅम नत्र राहते. ते आमरीच्या गरजेच्या दहापट झाले. शिवाय त्यातील नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असते आणि मूत्र साठविले म्हणजे त्याचा अमोनिया होतो, जो कोवळ्या मुळांस जाळतो. देण्याचाच आग्रह असेल तर एकास शंभर ह्याहून तीव्र देऊ नये. खरे तर गोमूत्र भातखाचरात किंवा परसातील भाजीस घालावे. तेथे त्याचे सोने होते.

हीच गोष्ट जीवामृताची. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ व २ किलो बेसन हे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. ते मातीतील जिवाणूंसाठी योजलेले आहे. जेथे मातीच नाही तेथे गूळ व बेसन ह्यांनी बुरशी व मुंग्या ह्यांखेरीज काही साधत नाही, आणि नत्राचा हिशेब केला तर तोही गरजेच्या कित्येक पट भरतो.

राख, अंड्याची टरफले, केळीच्या सालीचे पाणी व तांदळाचे धुवण ही खते घरोघर सुचविली जातात. राखेत पालाश असते हे खरे. पण ती अल्कधर्मी असल्यामुळे कुंडीत लोह बांधले जाऊन कोवळी पाने पिवळी पडतात, शिवाय शेणपाण्यात किंवा मूत्रात ती मिसळली तर अमोनिया उडून जाऊन नत्र वाया जाते. टरफले पाण्यात विरघळत नाहीत. केळीच्या सालीतून थोडे पालाश उतरते खरे, पण त्यातील साखर आंबते. तांदळाच्या धुवणाने अपाय नाही, फारसा लाभही नाही. हाडांचा चुरा मातीत हळूहळू लागू पडतो. सोडणात तो तसाच पडून राहतो.

विकतचे खत निवडताना

आमरीचे खास खत म्हणून लहान बाटल्यांत जे मिळते ते वाईट असते असे नाही, पण त्याचे नाव व वेष्टणावरील फुलाचे चित्र पाहून किंमत मोजू नये. वेष्टणावरील आकडे वाचावेत. द्राक्षबागा व हरितगृहे ह्यांच्यामुळे पुणे जिल्ह्यातील कृषी सेवा केंद्रांत पाण्यात पूर्ण विरघळणारी खते किलोच्या पिशवीत मिळतात आणि आमरीचे काम त्यांवर उत्तम भागते. १९:१९:१९ ह्या खतात नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असतात. परंतु त्यातील निम्म्याहून अधिक नत्र बहुधा युरियाच्या रूपात असते, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्यातील सर्व नत्र नायट्रेटच्या रूपात आहे. कॅल्शियम नायट्रेटमध्ये शेकडा १५.५ नत्र व १८.८ कॅल्शियम असते. ह्या तिघांच्या जोडीला थोडे मॅग्नेशियम सल्फेट घेतले म्हणजे मुख्य अन्नद्रव्यांची सोय होते. सूक्ष्म द्रव्यांसाठी महिन्यातून एखाद्या वेळी शेणाचे पातळ पाणी द्यावे.

पहिल्या आठवड्यात १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट व २ ग्रॅम १३:००:४५ विरघळवून द्यावे. ह्यातून लिटरला ८८ मिलिग्रॅम नत्र, ९० मिलिग्रॅम पालाश व ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दुसऱ्या आठवड्यात १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम १९:१९:१९ व २ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पहिले द्रावण द्यावे. चौथ्या आठवड्यात खत मुळीच न देता कुंडीच्या तळातून भरपूर निथळेल इतके साधे पाणी ओतून साठलेले क्षार धुऊन काढावेत. कॅल्शियम नायट्रेट हे १९:१९:१९ किंवा मॅग्नेशियम सल्फेट ह्यांच्याबरोबर एकाच बाटलीत दाट भिजवू नये. साका बसून दोन्ही फुकट जातात.

घरी ग्रॅमचा तराजू नसतो. त्यावर सोपा उपाय असा की दुकानातून १०० ग्रॅम खत तोलून आणावे, ते थोड्या पाण्यात विरघळवावे आणि पाणी भरून बरोबर १ लिटर करावे. ह्या द्रावणाचे १० मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम खत. औषधाच्या बाटलीच्या टोपणावर मिलिलिटरच्या खुणा असतात; तेवढ्यावर काम होते. बाटलीवर खताचे नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. तणनाशकासाठी वापरलेला फवारणी पंप आमरीसाठी कधीही वापरू नये. तो कितीही धुतला तरी थोडा अंश राहतो, व तेवढ्याने शेकडो रोपे वाकडी होतात.

‘फुलांचे खत’ म्हणून स्फुरदाचा मोठा आकडा असलेली खते सुचविण्यात येतात. आमरीस स्फुरद फार थोडे लागते. फूल येत नाही ह्याचे कारण बहुधा अपुरा प्रकाश किंवा अपुरी वाढलेली कांडी हे असते. ते दूर न करता स्फुरद ओतण्यात पैसा मात्र जातो. आवरणयुक्त, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांतील खत उष्णतेबरोबर लवकर सुटते, हे एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाळ्यात ध्यानी ठेवावे.

पाणी व ऋतू

खताइतकेच पाण्याकडेही पाहिले पाहिजे. विहिरीच्या व कूपनलिकेच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याच वेळा असतात. मुळशीत आकाशातून उत्तम पाणी फुकट पडते, ते पन्हाळीखाली पिंपात साठवावे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छपरावरील घाण घेऊन येते, म्हणून ते सोडून द्यावे. नारळाचे नवे सोडणही तसेच खारट असते. कुंड्या भरण्यापूर्वी ते पाणी बदलून बदलून आठवडाभर भिजवावे.

जून ते सप्टेंबर ह्या काळात घाटमाथ्याकडील गावांत उघड्यावर ठेवलेल्या कुंडीत घातलेले खत दुसऱ्या दिवशी ओढ्यास मिळते. ढगाळ हवेत रोप ते वापरूही शकत नाही. डेन्ड्रोबियमच्या कुंड्या पारदर्शक छपराखाली असतील तर वर सांगितलेले द्रावण निम्म्या तीव्रतेने द्यावे. छप्पर नसेल तर उघडीप मिळेल तेव्हाच द्यावे. हिवाळ्यात रात्री थंड होतात, वाढ मंदावते, तेव्हा महिन्यातून एक-दोन वेळा पुरे. फेब्रुवारीपासून नवे कोंब व हिरव्या टोकांची नवी मुळे दिसू लागली की आठवड्याचा क्रम पुन्हा सुरू करावा. स्थानिक डेन्ड्रोबियमच्या काही जाती पावसाळ्यानंतर पाने गाळून निजतात आणि उघड्या कांड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात. त्या वाळल्या असे समजून खतपाणी वाढविले की कांड्या कुजतात. निजलेल्या रोपास खत देऊ नये, पाणीही जपून द्यावे.

रोप स्वतःच आपली तक्रार सांगते. मुळांची टोके काळी पडणे, पानांचे शेंडे करपणे, कुंडीच्या कडेवर पांढरा थर बसणे ही खत जास्त झाल्याची खूण होय. अशा वेळी कुंडीच्या आकारमानाच्या पाचपट साधे पाणी त्यातून वाहू द्यावे व महिनाभर खत बंद ठेवावे. पाने गर्द हिरवी, लुसलुशीत आणि फूल मात्र नाही, असे दिसल्यास नत्र कमी करून प्रकाश वाढवावा. पाने एकंदर फिकी असतील तर आधी ऊन जास्त लागते काय हे पाहावे आणि मगच खताचा विचार करावा.

रानातील रोपांविषयी

खताच्या चुकीने कुंड्या रिकाम्या झाल्या म्हणजे त्या भरण्यासाठी रानाकडे पाहिले जाते, म्हणून हा विषय येथे घेणे भाग आहे. ताम्हिणीचे जंगल २०१३ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले आहे. तेथून आमरी काढणे गुन्हा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहार म्हणूनही ते तोट्याचे ठरते. फांदीवरून ओरबाडलेल्या रोपाची मुळे तुटतात व ते क्वचितच नीट जगते. आमरीच्या बीजात अन्नाचा साठा नसतो, विशिष्ट बुरशीचे साहाय्य मिळाले तरच ते रुजते. म्हणून रानातील एका झुबक्याची जागा भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात. ऊतिसंवर्धनाने तयार केलेली रोपे विश्वासू रोपवाटिकेतून पावती घेऊन आणावीत. स्वतःच्या बांधावरील आंब्याफणसावर आमरी असेल तर ती तेथेच राहू द्यावी. तिला खत घालण्याची गरज नाही.

आमरीवरील संशोधनासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९६ साली सिक्कीममध्ये पाक्योंग येथे राष्ट्रीय केंद्र स्थापन केले. परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय तर पुण्यातच आहे. व्यापारी प्रमाणावर लागवड करू इच्छिणाऱ्यांनी आपल्या विहिरीच्या पाण्याची क्षारता व सामू प्रथम तपासून घ्यावा आणि तो अहवाल बरोबर घेऊनच सल्ल्यास जावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावी दहा कुंड्यांचा साधा प्रयोग करून दाखवावा : पाच कुंड्यांस वरील पातळ द्रावण, पाच कुंड्यांस शेणाचे गाळलेले पाणी. दोन्ही रांगांतील नव्या मुळांची संख्या दर महिन्यास वहीत लिहावी आणि प्रयोग जूनमध्ये नव्हे, तर फेब्रुवारीत सुरू करावा.